दाखला काढण्यापूर्वी

(जालना येथे पालकांसमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



जून महिना जवळ आला की जालना जिल्ह्यातील घरोघरी एक प्रश्न उभा राहतो. मुलाला आहे त्या शाळेत ठेवावे, की दाखला काढून दुसरीकडे घालावे? पूर्वी हा प्रश्न चौथी किंवा सातवी संपल्यावर येत असे, कारण गावातली शाळाच तेथे संपत असे. महामारीच्या दोन वर्षांनी तो पहिली-दुसरीच्या मुलापर्यंत खाली आणला, आणि शाळा पूर्ववत सुरू झाल्यानंतरही तो तेथून हललेला नाही. एखाद्या घराने शाळा सोडली म्हणजे नेमके काय सोडले, हे समजून घ्यायचे असेल तर त्या दोन वर्षांकडे पुन्हा एकदा शांतपणे पाहिले पाहिजे. त्या काळात जो तो आपापल्या घरात कोंडला गेला होता. शेजारच्या घरात मुलांविषयी काय विचार चालला आहे, हे कोणालाच दिसत नव्हते. निर्णय झाले ते असे, एकेकट्याने.

आधी तारखा ध्यानात घेतल्या पाहिजेत, कारण माणसाचे विस्मरण फार उदार असते. मार्च २०२० च्या मध्यावर महाराष्ट्रातील शाळा बंद झाल्या. नववी ते बारावीचे वर्ग भरवण्यास २३ नोव्हेंबर २०२० पासून परवानगी मिळाली, पाचवी ते आठवीचे वर्ग २७ जानेवारी २०२१ पासून सुरू झाले. ते रुळतात न रुळतात तोच दुसरी लाट आली आणि पुन्हा कुलपे लागली. १५ जुलै २०२१ पासून कोरोनामुक्त गावांत आठवी ते बारावीचे वर्ग भरू लागले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी ग्रामीण भागात पाचवीपासून पुढचे आणि शहरी भागात आठवीपासून पुढचे वर्ग उघडले. पहिली ते चौथीच्या मुलांसाठी खेड्यातल्या शाळेचे दार उघडायला मात्र १ डिसेंबर २०२१ ही तारीख उजाडावी लागली. जेमतेम सहा आठवड्यांनी, १० जानेवारी २०२२ रोजी, ते पुन्हा बंद झाले आणि २४ जानेवारीनंतर स्थानिक प्रशासनाच्या मर्जीने पुन्हा उघडू लागले.

याचा साधा अर्थ असा, की जून २०२० मध्ये ज्याचे नाव पहिलीत घातले तो बालक वर्गात प्रथम बसला तेव्हा दुसरीत होता आणि दुसरीचेही अर्धे वर्ष सरले होते. दरम्यानच्या काळात राज्यातील उपाहारगृहे आणि मद्यालये ५ ऑक्टोबर २०२० पासून सुरू झाली होती. मंदिरे १६ नोव्हेंबर २०२० ला उघडली. मद्यालय आणि पहिलीचा वर्ग यांच्यामध्ये जवळजवळ चौदा महिन्यांचे अंतर ठेवणाऱ्या शासनाचा अग्रक्रम कोणता होता, हे वेगळे सांगावयास नको. तथापि न्यायाने हेही म्हटले पाहिजे, की एप्रिल २०२१ मध्ये रुग्णालयांच्या दारात प्राणवायूसाठी लोक धावत असताना शाळा उघडा असे म्हणण्याचे धैर्य फारच थोड्या पालकांनी दाखवले असते. प्रश्न बंद करण्याचा नव्हताच. उघडण्याची घाई सर्वांत लहान मुलांसाठी सर्वांत शेवटी का झाली, हा होता. स्वीडनसारख्या देशाने सोळा वर्षांखालील मुलांच्या शाळा बहुतांशी चालूच ठेवल्या होत्या. त्याची बरोबरी येथे करता आली नसती, पण तिकडे प्रारंभ लहानांपासून झाला आणि येथे मोठ्यांपासून, एवढे तरी नोंदवून ठेवावे.

आता अंबड तालुक्यातील एक घर कल्पनेने डोळ्यांसमोर आणावे. दोन एकर मोसंबी, चार एकर कोरडवाहू. घरात आजोबा, आई-वडील आणि दोन मुले. जून २०२० मध्ये थोरली दुसरीत गेली, धाकट्याचे नाव पहिलीत घातले. जिल्हा परिषदेची शाळा हाकेच्या अंतरावर. पटावर एकसष्ट मुले आणि तीन शिक्षक. आईचे भाऊ तेव्हाच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नोकरीला. त्यांची मुले एका इंग्रजी शाळेत, आणि त्या शाळेचे वर्ग मोबाइलवर रोज भरत असलेले.

२०२१ च्या जूनमध्ये एका रात्री जेवणे झाल्यावर आई विषय काढते. "अहो, पोरगा दुसरीत गेला, पण त्यानं अजून वर्गाचं दार पाहिलं नाही. दादा म्हणतो, इकडं पाठवून द्या."

वडील गप्प असतात. मग आजोबांकडे पाहतात. "आबा, तुम्हाला काय वाटतं?"

"शाळा तिथंही बंदच हाय ना?" आबा विचारतात. "मग तिथं जाऊन पोरगं करणार काय?"

आबांचा प्रश्न वरवर अडाणी वाटला तरी तो नेमका होता. बंदी राज्यभर एकच होती. गाव सोडल्याने बंदी चुकत नव्हती. शहरात जे मिळणार होते ते शाळा नव्हे, तर मोबाइलवरचा वर्ग आणि संध्याकाळची शिकवणी. आणि पुढे घडले ते आणखी विलक्षण. ४ ऑक्टोबर २०२१ च्या आदेशाने खेड्यातले पाचवी ते सातवीचे वर्ग उघडले, शहरातले उघडले नाहीत. ते शासनाच्या आदेशाने १ डिसेंबरपासून आणि काही शहरांत त्याहूनही उशिरा सुरू झाले. म्हणजे शिक्षण बुडू नये म्हणून ज्या पालकांनी पाचवीतल्या मुलाला गावातून शहरात नेले, त्यांचे मूल शहरातल्या खोलीत मोबाइलसमोर बसले होते तेव्हा त्याचे गावातले सोबती पाटी-दप्तर घेऊन वर्गात गेले होते. त्या पालकांची थट्टा करण्याचे कारण नाही. उद्याचा आदेश काय असेल हे मंत्रालयालाही आदल्या दिवशीपर्यंत ठाऊक नसे, तेथे बिचाऱ्या पालकाला ते कोठून कळावे?

मोबाइलचे म्हणाल, तर त्याचा हिशेब 'असर' या ग्रामीण शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीने मांडून ठेवला आहे. शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी ज्यांच्या घरी निदान एक स्मार्टफोन आहे, अशांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते, ते २०२१ मध्ये ६७.६ टक्क्यांवर गेले. अर्धपोटी राहून, मोसंबीचा बहार आगाऊ विकून, सोने गहाण टाकून पालकांनी फोन घेतले. परंतु त्याच पाहणीत असे दिसले, की घरी फोन असलेल्या मुलांपैकीही चौथा हिस्सा, २६.१ टक्के, मुलांच्या हाती तो अभ्यासासाठी येतच नव्हता. फोन बापाच्या खिशात, बाप शेतावर किंवा कारखान्यात. सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका जुलै २०२० पासून पहिली ते आठवीच्या मुलांसाठी सुरू झाली. प्रयत्न चांगलाच होता, पण दूरदर्शन संच मुलाला प्रश्न विचारू शकत नाही आणि त्याचा चुकलेला 'ळ' सुधारू शकत नाही.

शिक्षकांचे काय, हे बोलल्याशिवाय विषय पुरा होणार नाही. मराठवाड्यातल्या पुष्कळ शाळांचे गुरुजी तालुक्याच्या गावी राहतात आणि रोज अप-डाऊन करतात. टाळेबंदीत वाहतूक थांबली, तशी त्यांची आणि गावाची ताटातूट झाली. काही गुरुजी मोबाइलवर एक चित्र आणि दोन प्रश्न पाठवून मोकळे झाले. काही मात्र मोटारसायकल काढून वस्तीवर आले, मारुतीच्या पारावर चार-चार मुले अंतरावर बसवून त्यांनी पाढे घेतले. सोलापूरच्या नीलमनगर भागात आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर पाठ्यपुस्तकांतले धडे रंगवून घेतले आणि गल्लीचाच वर्ग केला. वेतन दोन्ही प्रकारच्या गुरुजींना सारखेच मिळाले. पालकांनी शाळा सोडायची की ठेवायची हे बहुतेक वेळा या दोहोंपैकी आपल्या वाट्याला कोणते गुरुजी आले त्यावरच ठरले, आणि ते चुकीचे होते असे कोणी म्हणू नये.

आता ज्या गोष्टीकडे कोणाचेच लक्ष गेले नाही, तिकडे वळले पाहिजे. अंबडच्या त्या कल्पिलेल्या शाळेत पट एकसष्ट होता आणि शिक्षक तीन होते. हा आकडा मुद्दाम घेतला आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या कायद्याला जे परिशिष्ट जोडलेले आहे, त्यात पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि एकसष्ट ते नव्वद मुलांसाठी तीन शिक्षक, असा हिशेब आहे. साठ आणि एकसष्ट यांत एका मुलाचा फरक. ते एक मूल मामाच्या गावी गेले, की कायद्याच्या त्या कोष्टकात तिसऱ्या गुरुजींचे पद उरत नाही. दोन गुरुजींनी पाच वर्ग सांभाळायचे, म्हणजे एकाच्या वाट्याला पहिली-दुसरी आणि दुसऱ्याच्या वाट्याला तिसरी-चौथी-पाचवी. त्यातल्या एका गुरुजींना पोषण आहाराचा हिशेब, मतदारयाद्या आणि तालुक्याची बैठक. मग शिकवणे मागे पडते. शिकवणे मागे पडले की आणखी दोन घरे दाखला मागतात. पट अठ्ठावन्नवर येतो, पुढे चाळिसांत जातो, आणि एक दिवस विसाच्या आत येतो. वीसहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा करण्याचा विचार शासनाने २०२३ साली मांडला, तेव्हा गावोगावी जो संताप झाला तो रास्त होता. परंतु ज्या गावात संताप झाला त्या गावातल्या किती घरांनी आपले मूल आधीच दुसरीकडे घातलेले होते, हा प्रश्न त्या सभांतून कोणी विचारला नाही.

कायदा पालकाच्या बाजूने आहे, हेही सांगितले पाहिजे. याच कायद्याच्या पाचव्या कलमानुसार पालक सरकारी किंवा अनुदानित शाळेत मुलाची बदली मागू शकतो, मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब द्यावयाचा असतो, आणि दाखला उशिरा मिळाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. महामारीत खासगी शाळांचे शुल्क भरणे ज्यांना अशक्य झाले, अशा अनेक पालकांनी याच वाटेने मुलांना जिल्हा परिषदेच्या शाळेत परत आणले. राज्य शासनाने ऑगस्ट २०२१ मध्ये खासगी शाळांच्या शुल्कात पंधरा टक्के कपातीचा आदेश काढला खरा, पण ज्याचा रोजगारच बुडाला त्याला पंधरा टक्क्यांनी काय होणार?

या परतीच्या ओघाचाही हिशेब 'असर'मध्ये आहे. देशाच्या ग्रामीण भागात सहा ते चौदा वयाच्या मुलांपैकी सरकारी शाळेत नाव असलेल्यांचे प्रमाण २०१८ मध्ये ६४.३ टक्के होते. २०२१ मध्ये ते ७०.३ वर आणि २०२२ मध्ये ७२.९ वर गेले. अनेक वर्षांत जे घडले नव्हते ते घडले होते. ज्या मध्यमवर्गीय, कमावत्या, बोलक्या घरांनी सरकारी शाळेकडे पाठ फिरवली होती, ती घरे पुन्हा तिच्या दारात उभी राहिली होती. २०२४ च्या पाहणीत हे प्रमाण ६६.८ टक्क्यांवर उतरले. आलेले पालक आले तसे निघून गेले. दोन वर्षे ते शाळेच्या आवारात होते. त्या काळात त्यांनी शाळेला काही मागितले का, शाळेने त्यांना काही दिले का? या जिल्ह्यातल्या प्रत्येक गावाने आपल्यापुरते हे उत्तर शोधावे. परिस्थितीने आणून दिलेली अशी संधी समाजाच्या हातून फारच स्वस्तात निसटली, असे मात्र म्हणावेच लागते.

हे येथेच झाले असे नाही. अमेरिकेत मुलाची सरकारी शाळा घराच्या पत्त्यावरून ठरते. शाळा नको असेल तर घर बदलावे लागते. महामारीत तेथील सरकारी शाळांचा पट २०२०-२१ या एका वर्षात सुमारे तीन टक्क्यांनी घसरला. घरीच शिकवणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण काही महिन्यांत ५.४ टक्क्यांवरून ११.१ टक्क्यांवर गेल्याचे तेथील जनगणना विभागाने नोंदवले. तेथेही अनुदान पटाच्या मागे जाते, आणि पट गेला की शाळा दुबळी होते. म्हणजे श्रीमंत देशातही कुटुंबाने आपापले पाहिले आणि मागे राहिलेल्यांचे कोणी पाहिले नाही. फरक एवढाच, की तेथल्या पालकापाशी मोटार होती आणि येथल्या पालकापाशी एसटीचे तिकीटही नव्हते.

सर्वांपाशीच निवड होती, असा समज मात्र होऊ नये. ८ मे २०२० च्या पहाटे जालन्याहून पायी आपल्या गावाकडे निघालेले १६ श्रमिक करमाडजवळ रेल्वेच्या रुळांवर थकून झोपले असता मालगाडीखाली चिरडले गेले. मध्य प्रदेशातून पोटासाठी आलेले आणि जालन्याच्या पोलाद उद्योगात राबणारे ते लोक होते. त्यांच्यासारख्यांच्या घरी मुलाची शाळा कोणती हा विचार करण्याइतकी उसंत टाळेबंदीने ठेवलीच नव्हती. घनसावंगी, मंठा, परतूर या भागांतून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचेही तसेच. एरवी मूल आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात मागे राहते, कारण गावात शाळा असते. शाळाच बंद, तर मूल मागे ठेवण्याला कारण उरले नाही. ते कोयत्यामागे गेले. दाखला कोणी मागितला नाही, कोणी दिला नाही. पटावर नाव तसेच राहिले.

आणि मुलींचे? परभणी, बीड, जालना या जिल्ह्यांत अल्पवयात होणाऱ्या विवाहांचे प्रमाण राज्याच्या सरासरीहून पुष्कळ अधिक आहे, आणि ती राज्याची सरासरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २१.९ टक्के, म्हणजे लाज वाटावी अशीच आहे. आठवी-नववीतली मुलगी दीड वर्ष घरी बसली, टाळेबंदीत पन्नास माणसांत लग्न उरकत असल्याने खर्च वाचत होता, आणि वर "शाळा तरी कुठे चालू आहे?" हे उत्तर तयार होते. मुलाने शाळा सोडली तर तो बहुधा दुसऱ्या शाळेत जातो. मुलीने सोडली तर कोठे जाते, हे प्रत्येक गावाला ठाऊक आहे. संस्कृतीचा अभिमान बाळगणाऱ्या घरांनी हा विषय शासनाच्या माथी मारून मोकळे होऊ नये. ही लग्ने शासनाने लावली नाहीत, नातेवाइकांनी लावली, आणि अक्षता टाकायला गाव गेले होते.

मग शाळा सोडूच नये काय? असे कोणी म्हणणार नाही. डॉ. हेडगेवारांचे उदाहरण येथे आठवते. १९०२ च्या प्लेगमध्ये नागपुरात त्यांचे आई-वडील एकाच दिवशी गेले. पुढे १९०७-०८ च्या सुमारास 'वंदे मातरम्'च्या घोषणेपायी त्यांना नील सिटी हायस्कूल सोडावे लागले. तेव्हा ते यवतमाळच्या राष्ट्रीय शाळेत गेले, तीही सरकारच्या अवकृपेने बंद पडल्यावर पुण्यास गेले आणि शिक्षण पुरे केले. अनाथ विद्यार्थ्याने तीन गावांत तीन शाळा पाहिल्या. परंतु यवतमाळची शाळा काही आकाशातून पडलेली नव्हती. सरकारी शाळा नाकारणाऱ्या मुलांना घ्यायला कोणीतरी शाळा असली पाहिजे, म्हणून समाजातल्या माणसांनी ती आधी उभी केली होती.

मराठवाड्याच्या स्वतःच्या इतिहासात याहून मोठे उदाहरण आहे. १९३८ च्या अखेरीस निजामी राजवटीत उस्मानिया विद्यापीठाच्या आणि औरंगाबादच्या महाविद्यालयाच्या वसतिगृहांत 'वंदे मातरम्' म्हणण्यास बंदी झाली. विद्यार्थ्यांनी माघार घेतली नाही आणि शेकडोंना काढून टाकण्यात आले. विद्यापीठ गेले, वर्ष गेले, घरचे हवालदिल झाले. तेव्हा नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू टी. जे. केदार यांनी या विद्यार्थ्यांना प्रवेशाचे दार उघडले. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्याच ओघातून नागपुरास आले. हे शाळा सोडणेच होते. पण ते सर्वांनी मिळून, कारण सांगून, आणि पलीकडे कोणीतरी हात पुढे केलेला असताना सोडणे होते. २०२१ सालचे सोडणे याच्या नेमके उलटे. कारण कोणी कोणाला सांगितले नाही, आणि पलीकडे हात होता तो फक्त शिकवणीवाल्याचा. 'असर'च्या नोंदीनुसार शिकवणीला जाणाऱ्या ग्रामीण मुलांचे प्रमाण २०२० मधील ३२.५ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ३९.२ टक्क्यांवर गेले, ते उगाच नव्हे.

धर्मपालांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, मद्रास इलाख्यात १८२२ पासून टॉमस मन्रो याने करविलेल्या पाहणीच्या आधारे जुन्या गावशाळेचे चित्र मांडले आहे. ती शाळा गावाच्या उत्पन्नातल्या वाट्यावर आणि पालकांच्या देणगीवर चाले. गुरुजींचे पद कोणा कोष्टकावर अवलंबून नव्हते. गावाला ते हवेत, एवढ्यावर होते. तो काळ आता परत आणता येणार नाही, आणि त्यातल्या उणिवांवर पांघरूण घालण्याचेही कारण नाही. पण शाळा गावाची, ही भावना तेव्हा होती आणि आज शाळा 'झेडपीची' झाली आहे, एवढा फरक विचार करण्याजोगा आहे.

गंमत अशी, की महामारीतच एकदा शासनाने शाळेचा निर्णय गावाच्या हाती दिला होता. जुलै २०२१ च्या आदेशाने कोरोनामुक्त गावात आठवीपासूनचे वर्ग सुरू करायचे की नाही, हे ठरवण्यासाठी सरपंचांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तीत तलाठी, मुख्याध्यापक, वैद्यकीय अधिकारी आणि शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष एकत्र बसायचे होते. महिनाभर गावात रुग्ण नसणे आणि पालकांशी बोलून ठराव करणे, ही तिची अट होती. ज्या गावांत ही समिती खरोखर बसली, तेथे लोकांनी पहिल्यांदाच शाळेविषयी एकत्र चर्चा केली. ज्या गावांत ती कागदावर बसली, तेथे सह्या झाल्या आणि कुलूप तसेच राहिले.

शाळा व्यवस्थापन समिती तर कायद्यानेच आहे. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य स्त्रिया. बहुतेक गावांत तिच्या सदस्यांना आपण सदस्य आहोत हे सहीच्या वेळी कळते. आणि तिच्यापुढे काम केवढे आहे! तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचे पुस्तक वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये देशात २७.३ टक्के होती, ती २०२२ मध्ये २०.५ टक्के उरली. २०२४ मध्ये हा आकडा २७.१ वर आला, म्हणजे महामारीपूर्वी जेथे होतो तेथे. चारातली तीन मुले तेव्हाही वाचत नव्हती आणि आताही वाचत नाहीत. महामारीचा खड्डा भरला म्हणून समाधान मानायचे, तर आधीचे मैदानही समतल नव्हते.

अंबडच्या त्या घरी परत जावे. समजा, आई म्हणाली तसे झाले नाही आणि धाकटा गावातच राहिला. आज तो सातवीकडे निघाला आहे आणि प्रश्न पुन्हा आलाच आहे, कारण तालुक्याच्या गावी सेमी-इंग्रजी आहे आणि बसची फेरीही सुरू झाली आहे. आता वडिलांनी दाखल्याचा अर्ज लिहिण्यापूर्वी एक करावे. शेजारच्या दहा घरांना विचारावे, की तुमचाही अर्ज तयार आहे काय. बहुधा सहा घरांचा तयार असेल. मग त्या सात जणांनी मिळून समितीची सभा मागावी, मुख्याध्यापकांना बोलवावे, आणि आरोप न करता एकच कागद मागावा. आपल्या शाळेतल्या कोणत्या मुलाला अजून धड वाचता येत नाही, त्यांची नावे. गावातले निवृत्त गुरुजी, पदवी घेऊन नोकरीच्या प्रतीक्षेत असलेली दोन-चार मुले-मुली, आणि शाखेवर येणारे तरुण यांना ती नावे वाटून द्यावीत. संध्याकाळी एक तास, पारावर किंवा मंदिराच्या सभामंडपात. दिवाळीपर्यंत पाहावे. ३० सप्टेंबरला पट मोजला जातो. तोवर सातही अर्ज घरातच राहू द्यावेत. त्यानंतरही गुरुजी येत नसतील, मुले वाचत नसतील, तर सातांनी एकत्र जाऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांना कारण लेखी द्यावे आणि मग खुशाल दाखला काढावा.